झोपेची, टेन्शनची गोळी: सुरू करताना काय विचारायचं आणि सोडायची तर कशी

क्लोनाझेपाम मी साडेतीन वर्षं घेतली, त्यातले शेवटचे दहा महिने फक्त ती सोडण्यात गेले. मी डॉक्टर नाही. पण अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम या बेंझोडायझेपिन (थोडक्यात बेंझो) कुटुंबातली एखादी गोळी जवळपास प्रत्येक ओळखीच्या घरात कोणीतरी घेतंय आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मला जे कळलं ते नीट लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी हे वाचा. तुमची गोळी आत्ता रोज चालू असेल आणि हे वाचून भीती वाटली तर उद्यापासून बंद करू नका. रोजची गोळी अचानक बंद केली तर फिट येऊ शकते, आयुष्यात आधी कधी आली नसली तरी. आणि ज्यांना फिट्ससाठीच क्लोबाझाम किंवा क्लोनाझेपाम दिलीय त्यांनी खालचं गोळी कमी करण्याचं काहीच स्वतःला लावू नका, तुम्ही तुमच्या न्यूरोलॉजिस्टनाच विचारा.

माझं असं झालं. ठाण्याहून सीएसएमटीला रोजचा लोकलचा प्रवास, एक दिवस कुर्ल्याच्या पुढे गाडी अडकली, लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि अचानक छातीत धडधड, हाताला मुंग्या, तोंड कोरडं, मला वाटलं हार्ट अटॅकच. ईसीजी नॉर्मल आला. पॅनिक अटॅक म्हणाले. नंतर स्टेशनच्या जिन्यावरच पाय थरथरायला लागायचे, तीन आठवडे ऑफिसला गेले नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम (पॅनिक-डिप्रेशनवरची रोजची गोळी, बेंझो नव्हे) दिली आणि सोबत रात्री क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम. पहिल्याच रात्री सात तास झोपले, महिनाभरात पहिल्यांदा. आठवड्याने परत लोकलमध्ये चढले. हा आराम खरा होता आणि त्याबद्दल मी आजही त्या गोळीला वाईट म्हणणार नाही.

गोळी करते काय तर मेंदूत गाबा नावाचं जे ब्रेक लावणारं रसायन असतं त्याचा जोर वाढवते. अर्ध्या-एक तासात जाणवतं. एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांना गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, मधल्या काळात माणसाने करायचं काय, म्हणून ही सोबत देतात. म्हणजे नदी ओलांडेपर्यंतचा हा साकव आहे, त्यावर संसार मांडायचा नसतो. मी मांडला. कारण रोज ब्रेक बाहेरून मिळाला की मेंदू स्वतःचा ब्रेक ढिला करतो, मग तीच ०.५ पुरेनाशी होते. सात-आठ महिन्यांनी मला परत रात्री दोनला जाग यायला लागली आणि पॉवर १ झाली. यात माझा मोह नव्हता की कमकुवतपणा नव्हता, चिठ्ठीत लिहिलं तेवढंच घेत होते. सवय अशीसुद्धा लागते, हे घरच्यांना समजावून सांगा, नाहीतर ते व्यसनी म्हणून बघायला लागतात.

आता काय करायचं ते.

घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स बाहेर काढा आणि मागचं बारीक अक्षर वाचा, ब्रँडचं नाव नाही, आतलं औषध. नावाच्या शेवटी 'पाम' किंवा 'लाम' (इंग्रजीत pam, lam) असेल तर थांबून बघा, बहुतेक याच कुटुंबातलं असतं. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात, बऱ्याचदा ब्रँडच्या पुढे फक्त 'प्लस' एवढंच असतं, आणि लोक वर्षानुवर्षं म्हणत असतात की मी झोपेची गोळी घेतच नाही. धडधडीवरच्या प्रोप्रानोलॉलसोबत कधी इटिझोलाम असते, तीही याच कामाची. माझ्या मावशीच्या पोटाच्या गोळीत, आयबीएसवरच्या (सारखं पोट दुखणं-बिघडणं), क्लोरडायझेपॉक्साईड निघालं. तेही बेंझोच, या कुटुंबातली पहिली गोळी तीच, १९६० मध्ये बाजारात आली, डायझेपाम १९६३ मध्ये. मावशीला एका डॉक्टरांनी ही पोटाची गोळी, दुसऱ्यांनी अल्प्राझोलाम दिलेली, दोघांना एकमेकांचं माहीत नाही. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे जाताना सगळ्या स्ट्रिप्सचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

डॉक्टर ही गोळी लिहून देत असतील तर त्याच खुर्चीत बसून विचारा, की किती दिवस घ्यायची, रोज की त्रास होईल तेव्हाच, बंद करताना तुम्हीच कमी करून देणार का, आणि ती बंद होईपर्यंत दुसरं काय सुरू करायचं, म्हणजे थेरपी, दुसरं औषध, जे असेल ते. उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. संकोच वाटतो, बाहेर वीस पेशंट बसलेले असतात, पण हे दोन मिनिटांचं काम आहे आणि मी ते केलं नाही म्हणून पुढची तीन वर्षं गेली. इंग्लंडमध्ये टेन्शन किंवा झोपेसाठी ही गोळी दोन ते चार आठवड्यांच्या वर शक्यतो देऊ नये असं सांगतात. माझ्या चिठ्ठीवर 'चालू ठेवा' असं दर वेळी लिहून यायचं आणि मी पण सहा महिने सहा महिने डॉक्टरांना न भेटता तीच चिठ्ठी दाखवून घेत राहिले. तसं चालायला नको होतं खरं तर. चिठ्ठी या सगळ्याच गोळ्यांना लागते, आणि यातल्या अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साईड अशा काही तर मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे जास्त कडक नियमांच्या सरकारी यादीत आहेत, त्यांच्या स्ट्रिपवर लाल चौकटीत इशारा असतो, मेडिकलवाल्याने डॉक्टर आणि पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहून ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं असतं. तुमचा मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देत नसेल तर त्याच्यावर चिडू नका, तो बरोबर करतोय.

दारूसोबत ही गोळी कधीच नाही. "आज फक्त एक पेग घेतलाय, गोळी घेऊ का" असं मला एका मित्राने लग्नाच्या हॉलमधून फोन करून विचारलं होतं, उत्तर नाही. दोन्ही मिळून श्वास मंद होतो, झोपेत उलटी झाली तर जाग येत नाही. तसंच ट्रॅमाडॉलसारखी दुखण्यावरची गोळी, कोडीनवालं खोकल्याचं औषध. अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने २०१६ मध्ये ओपिऑइड (म्हणजे ट्रॅमाडॉल, कोडीनच्या जातीची औषधं) आणि बेंझो एकत्र घेण्यावर त्यांचा सगळ्यात कडक इशारा लावला, आणि २०२० मध्ये सवय लागणं, अचानक सोडल्यावरचा त्रास याबद्दल सगळ्या बेंझोंवर. फंगल इन्फेक्शनवरच्या इट्राकोनाझोल, केटोकोनाझोल या गोळ्यांनी अल्प्राझोलाम शरीरात साठत जाते, तेव्हा स्किनच्या डॉक्टरांना पण सांगायचं. झोपेत घोरून श्वास अडकणारे, दम्याचे किंवा फुप्फुसाचे पेशंट, गरोदर किंवा तसं प्लॅनिंग असलेल्या बायका यांनी तर आधी सांगायचंच. आणि गोळी सुरू झाल्यावर किंवा पॉवर वाढल्यावर सुरुवातीचे दिवस स्कूटर घरी ठेवा, सकाळी गुंगी गेलीये असं आपल्याला वाटतं फक्त.

आईचं इथेच सांगते. बाबा गेले तेव्हा तेराव्याच्या आत कोणीतरी तिला लोराझेपाम सुरू केली, झोप लागावी म्हणून, आणि ती चालूच राहिली, दीड वर्ष. मग ती गोष्टी विसरायला लागली, गॅसवर दूध ठेवून झोपायची, आम्ही म्हणालो वय झालं. एका पहाटे बाथरूमला जाताना तोल जाऊन पडली, मनगट मोडलं. ऑर्थोपेडिकच्या डॉक्टरांनीच विचारलं की रात्री कुठली गोळी घेतात का. वयस्कर शरीरात या गोळ्या जास्त वेळ राहतात, पडणं, खुब्याचं हाड मोडणं, गोंधळणं याचा धोका वाढतो म्हणून पासष्टीच्या पुढे शक्यतो टाळा असं सांगतात. हळूहळू कमी करून बंद केल्यावर तिचं विसरणं बरंच कमी झालं. घरात म्हातारं माणूस अचानक विसराळू झालं असेल तर वयाला दोष द्यायच्या आधी त्यांचा गोळ्यांचा डबा उघडून बघा, प्लीज.

अचानक बंद झाल्यावर काय होतं तेही मी भोगलंय. गणपतीला गावी गेलो, सिंधुदुर्गात, स्ट्रिप ठाण्यातच राहिली. पहिला दिवस काही नाही, क्लोनाझेपाम शरीरातून हळू जाते, तिचा अर्धा भाग जायलाच ३०-४० तास लागतात. अल्प्राझोलामचं अकरा-बारा तासांत होतं म्हणून तिचा त्रास लवकर आणि जोरात सुरू होतो. माझी तिसरी रात्र वाईट गेली. आरतीचे टाळ कानात सुया टोचल्यासारखे, हात थरथरतायत, घाम, अंगातले स्नायू आपोआप उडतायत, डोळा मिटला की दचकून जाग. मला वाटलं पॅनिक परत आला, मी बरी झालेच नाहीये. पण तो आजार नव्हता, गोळी सुटल्याचा त्रास होता, आणि हा फरक न कळल्यामुळे किती लोक आयुष्यभर गोळी चालू ठेवत असतील. डॉक्टरांशी फोनवर बोलले, त्यांनी चिठ्ठी पाठवली, नवरा तालुक्याला जाऊन घेऊन आला. तेव्हापासून प्रवासाला दोन वेगवेगळ्या बॅगांत थोड्या थोड्या गोळ्या आणि चिठ्ठीची कॉपी. दुबईला किंवा आखातात कुठेही जाणार असाल तर या गोळ्यांसाठी तिकडची परवानगी आधी काढावी लागते का ते बघूनच निघा, नुसती चिठ्ठी पुरेल असं धरू नका.

सोडायची कशी. ठाण्याला परत आल्यावर मी डॉक्टरांना सांगितलं की मला ही सोडायचीय आणि घाई नाहीये. 'घाई नाहीये' हे मुद्दाम म्हणा. अमेरिकेत २०२५ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं आली त्यात सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करून बघा, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर नको, असं आहे. माझं १ वरून सुरू झालं, ०.२५ च्या गोळ्या लिहून घेतल्या आणि मेडिकलमध्ये गोळी कापायचा छोटा कटर मिळतो तो आणला, प्रत्येक पायरीला अर्धी गोळी कमी म्हणजे ०.१२५. सुरुवातीला दर तीन आठवड्यांनी. ०.५ च्या खाली आल्यावर प्रत्येक पायरी जड जायला लागली, कारण आकडा तोच असला तरी उरलेल्यातला वाटा मोठा होतो, म्हणून तिथे पाच-सहा आठवडे थांबायचं, मध्ये सासऱ्यांचं ऑपरेशन आलं तेव्हा जवळजवळ दोन महिने आहे तिथेच थांबले. थांबणं म्हणजे हरणं नाही, पण शक्यतो परत वर चढू नका. हे माझं वेळापत्रक आहे, तुमचं तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, काहींना आधी डायझेपामवर नेऊन मग कमी करतात, काहींना ॲडमिट व्हावं लागतं, विशेषतः डोस मोठा असेल, दारू असेल किंवा आधी फिट आलेली असेल तर.

एक साधी वही ठेवा. तारीख, किती घेतली, झोप किती तास, आणि त्रास दहापैकी किती. मला वाटायचं महिनाभर झोपच नाही, वहीत बघितलं तर वाईट रात्री अकरा होत्या. पायरी उतरल्यावर तिसऱ्या ते दहाव्या दिवसात त्रास जास्त आणि मग कमी, हा नमुना वहीतच दिसला, मग ऑफिसचं ऑडिट असेल त्या आठवड्यात मी पायरी उतरायचेच नाही.

झोपेसाठी मला जे उपयोगी पडलं ते दिसायला कंटाळवाणं आहे. कितीही वाजता झोप लागली तरी सकाळी सहाला उठायचं, दुपारी आडवं व्हायचं नाही, चार नंतर चहा बंद (हे सगळ्यात कठीण गेलं), झोप येत नसेल तर अंथरुणातून उठून बाहेरच्या खोलीत बसायचं. पॅनिकसाठी थेरपिस्टने मला लोकलची भीती लोकलमध्येच घालवायला लावली, आधी ठाणे ते मुलुंड, मग घाटकोपर, मग दुपारची रिकामी गाडी सोडून साडेआठची. हे काम गोळी कधीच करून देत नव्हती, गोळी घेतली की भीती फक्त झोपी जायची.

आणि ही गोळी जिथे हवी तिथे हवीच. फिट थांबत नसेल तेव्हा हॉस्पिटलमध्ये याच कुटुंबातलं औषध देतात, लहान मुलांना फिट आल्यावर नाकात मारायचा मिडाझोलाम स्प्रे आईबापाच्या पर्समध्ये असतो, दारू सोडणाऱ्या माणसाला पहिल्या दिवसांत सुखरूप पार न्यायला क्लोरडायझेपॉक्साईड किंवा डायझेपाम लागते. एमआरआयच्या आधी एखादी गोळी घेतली म्हणून कोणाला सवय लागत नाही. डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देत असतील तर घाबरून नाकारू नका.

तुमचे डॉक्टर ऐकूनच घेत नसतील, "आयुष्यभर घ्या, काही होत नाही" एवढंच म्हणत असतील तर दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत कमी खर्चात दाखवता येतं. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, रात्रीसुद्धा चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. मात्र गोळी कमी करताना फिट आली, भास व्हायला लागले, माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा जीव द्यायचे विचार आले तर नंबर शोधत बसू नका, सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, आणि सोबत रिकामी का होईना, स्ट्रिप घेऊन जा.