तास बदलताना वर्ग वाऱ्यावर सोडू नका: या चुका टाळा

पोरांची दादागिरी चालते ती तास बदलताना, पाण्याच्या टाकीवर, खिचडीच्या रांगेत आणि शाळा सुटल्यावर फाटकापाशी. म्हणजे गुरुजी नसतात तिथे.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे मॉनिटरच्या हाती खडू देऊन निघून जाणं. ‘बोलणाऱ्यांची नावं लिही रे’ म्हटलं की आपण मोकळे! बीडकडच्या एका शाळेत सहावीच्या फळ्यावर रोज एकाच पोराचं नाव असायचं, पुढं चार-पाच फुल्या. पोरगं ऊसतोड कामगाराचं. दिवाळीनंतर आईबापासोबत कारखान्यावर गेलेलं, पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, मार्चअखेर परतलेलं. वर्गशिक्षक यादी बघून त्याला उभं करायचे. एकदा मी खिडकीतून पाहिलं, तर हे पोरगं वहीत मान घालून गप्प बसलेलं आणि मॉनिटर बाकीच्यांकडून चिंचा गोळा करतोय. मूठभर चिंचा दिल्या की एक फुली पुसायची, असा भाव ठरलेला. याच्याकडे द्यायला काही नव्हतं, म्हणून फुल्या तशाच राहायच्या. वर ‘कोपीवाला’ म्हणून चिडवणं होतंच; कोपी म्हणजे ऊसतोड्यांची तात्पुरती झोपडी. मॉनिटरही अकरा-बारा वर्षांचंच लेकरू. त्याच्या हाती न्यायनिवाडा देणाऱ्या मोठ्या माणसाचा हा दोष आहे.

पुढच्या तासाचे सर व्हरांड्यात दिसेपर्यंत मी दार सोडत नाही. शाळेत दोनच शिक्षक असतील तर निघण्याआधी फळ्यावर दोन गणितं घालून जावं. हंगामाहून परतलेल्या लेकराला पहिले काही दिवस पुढच्या बाकावर, समजूतदार जोडीदाराशेजारी बसवावं. नवे शिक्षक म्हणतात, एवढा वेळ कुठून आणायचा? मग भांडणं मिटवण्यात अख्खा तास जातो, त्याला वेळ कुठून येतो?

भर वर्गात ‘कुणी मारलं, सांग’ असं विचारू नका. ‘कुणीच नाही’ हेच उत्तर येणार. वही तपासायच्या निमित्तानं बाजूला घ्या.

छडी उचलू नका. शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. शिवाय मार खाल्लेलं दांडगं पोरगं तो राग घरच्या वाटेवर त्याच लेकरावर काढतं.

कॅमेरा बसवला म्हणून निर्धास्त होऊ नका. मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाच्या मागं स्वतः चक्कर मारा.

आणि लगेच ‘हात मिळवा, झालं’ करून मिटवू नका, याची मला फार चीड येते. दोघांशी वेगवेगळं बोला, आठवडाभर लक्ष ठेवा. पैसे उकळणं किंवा धमकी असेल तर मुख्याध्यापक आणि दोन्हीकडचे पालक यांना त्याच दिवशी बोलवा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पोरांना वाचता येईल अशा उंचीवर व्हरांड्यात रंगवून घ्या.