पॉवर सीट हलत नाही? ‘मोटर गेली’ म्हणण्याआधी हे तपासा

पॉवर सीट, म्हणजे बटण दाबून मोटरने सरकणारी गाडीतली सीट, अडली की सल्ला ठरलेला असतो: मोटर गेली, बदला. मोटर जातेही, पण तिच्यावर खर्च करण्याआधी सीटखालचे कनेक्टर, स्विचच्या आतले काळवंडलेले पॉइंट आणि सीट ज्यावर सरकते त्या रेलमध्ये अडकलेल्या वस्तू तपासायलाच हव्यात. पावसाळ्यात ओल्या मॅटखालचा गालिचा दिवसेंदिवस वाळत नाही आणि कनेक्टर नेमका त्याच्यावर पडलेला असतो.

आधी टॉर्चने दोन्ही रेल बघा. नाणं, पेन, बाटलीचं झाकण असलं तर काढा. मग फ्यूज बघा. तो साधारण २० ते ३० अँपिअरचा असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवा. पुन्हा उडाला तर कुठेतरी वायर सोलून बॉडीला लागते आहे किंवा मोटर जाम आहे. अशा वेळी मोठा फ्यूज घालणं म्हणजे सीटखाली आग लावण्याची तयारी.

यानंतर गाडीच्या आतला छताचा दिवा लावून सीटचा स्विच दाबा. दिवा मंदावला पण सीट हलली नाही, तर मोटरपर्यंत करंट पोचतोय आणि काहीतरी जाम आहे. दिवा तसाच राहिला तर सर्किट कुठेतरी तुटलं आहे. (एलईडी दिवा असेल तर यावर विसंबू नका.)

नेमकं काय बंद आहे तेही पाहा. सगळ्याच हालचाली बंद असतील तर फ्यूज, मुख्य पुरवठा किंवा अर्थिंग (करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतण्याची जोडणी). सीट पुढे जाते पण मागे येत नाही, तर स्विच किंवा त्याची वायर. एका दिशेने फिरणारी मोटर जळलेली नसते. एकच हालचाल दोन्ही दिशांना बंद असेल, तर त्या मोटरपाशी जा.

इथेच बहुतेक जण चुकतात. कनेक्टर काढतात, त्यात टेस्ट लॅम्प लावतात, तो पेटला की ‘करंट येतोय, म्हणजे मोटर गेली’ असं ठरवतात. ही तपासणी चुकीची आहे. छोटा टेस्ट लॅम्प अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी करंट घेतो, मोटरला कित्येक अँपिअर लागतात. वायरची एकच तार शिल्लक असेल तरी लॅम्प पेटतो आणि मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो. मोटर जोडली की तेच व्होल्टेज ४-५ वर येतं. म्हणून कनेक्टर जोडलेलाच ठेवा, त्याच्या मागच्या बाजूने बारीक पिना घाला आणि कोणाला तरी स्विच दाबून धरायला सांगून मोजा.

मोजण्याआधी सर्किट समजून घ्या. स्विच मोकळा असताना मोटरच्या दोन्ही वायरी त्याच्यातून अर्थला जोडलेल्या असतात. दाबला की एकीला १२ व्होल्ट मिळतात, दुसरी अर्थलाच राहते. दिशा बदलली की वायरींची अदलाबदल होते. म्हणजे अर्थिंगही स्विचमधूनच जातं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. (मेमरी सीटमध्ये, म्हणजे ठरवलेली जागा लक्षात ठेवणाऱ्या सीटमध्ये, हे काम मॉड्यूल नावाचा इलेक्ट्रॉनिक डबा करतो.)

आता मीटरची काळी पिन बॉडीच्या उघड्या धातूवर धरा. सीटच्या फ्रेमवर नको, रंगामुळे तिचं अर्थिंग भरवशाचं नसतं. स्विच दाबलेला असताना पुरवठ्याच्या वायरीवर बॅटरीपेक्षा फार तर अर्धा व्होल्ट कमी दिसावा, परतीच्या वायरीवर ०.५ पेक्षा कमी. पुरवठ्यावर ८ दिसले तर दोष फ्यूजपासून स्विचपर्यंत किंवा पुढच्या वायरीत. परतीवर २ दिसले तर अर्थिंग किंवा स्विचचा अर्थचा पॉइंट.

दोन्ही वायरींवर १२ व्होल्ट दिसले, तर घाईने मोटरला दोष देऊ नका. अर्थ तुटल्यावर असंच होतं: करंट वाहत नाही, आणि मोटरच्या वेटोळ्यातून तेच १२ व्होल्ट दुसऱ्या वायरीवर उतरतात. मोटर शाबूत असते, अर्थ जोडला की फिरते.

दोन वायरींमधलं व्होल्टेज ११.५ च्या वर आहे आणि तरी मोटर गप्प? दहा मिनिटं थांबा. मोटरच्या आतला सुरक्षा-ब्रेकर तापून उघडला असेल तर थंड झाल्यावर पुन्हा चालतो. तरीही नाही, तर ड्राइव्ह केबल (मोटरची गती रेलच्या गिअरबॉक्सपर्यंत नेणारी) काढून बघा. मोटर मोकळी फिरली तर रेल किंवा गिअरबॉक्स जाम आहे. नाही फिरली तर मात्र मोटरच बदला.

मेमरी सीट इंचभर सरकून थांबत असेल तर स्थिती-सेन्सरचा (सीट कुठे आहे ते मॉड्यूलला सांगणारा) संशय धरा आणि गाडीतले एरर कोड वाचणारा स्कॅनर लावा. सेन्सरच्या बारीक वायरींना बॅटरी कधीच लावू नका.

दुरुस्ती: कनेक्टरमधला हिरवट थर कॉन्टॅक्ट क्लिनरने साफ करा, गंजाने खाल्लेलं टर्मिनल बदला. तुटकी वायर सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा, सीट सरकेल एवढी ढील ठेवा. वायर पिळून टेप गुंडाळू नका, दोन पावसाळेही टिकत नाही. स्विचचे पॉइंट जळले असतील तर नवाच घ्या.

सीट काढायची असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह काढून किमान १० मिनिटं थांबा, पुस्तिकेत जास्त वेळ दिला असेल तर तेवढा. पिवळा कनेक्टर एअरबॅगचा असतो. त्याला मल्टिमीटर लावायचा नाही आणि तो सुटा असताना चावी फिरवायची नाही. सीट बोल्ट झाकूनच अडकली असेल तर २० अँपिअरचा फ्यूज लावलेल्या वायरीने थेट मोटरच्या दोन जाड वायरींना १२ व्होल्ट द्या, पण मोटरचा कनेक्टर आधी सोडवा, नाहीतर स्विचमधून शॉर्ट होईल.

परत जोडताना दोन्ही रेलची पुढची अंतरं पट्टीने मोजून सारखी करा, मगच केबल अडकवा. फरक राहिला तर सीट तिरकी चालते आणि गिअरचे दात झिजतात. बोल्ट टॉर्क पान्यानेच पुस्तिकेतल्या आकड्याइतके आवळा, कारण अपघातात सीटला धरून ठेवणारे तेच असतात.