स्लेअर कसा ऐकावा आणि त्याच्यावरील वाद कसे तपासावेत

स्लेअर या अमेरिकन थ्रॅश मेटल (अतिवेगवान, आक्रमक हेवी मेटल) बँडविषयी मत बनवायचे असेल, तर बातम्यांपासून किंवा मुखपृष्ठांपासून नव्हे, तर १९८६ च्या ‘रेन इन ब्लड’ या अल्बमपासून सुरुवात करावी. तो जेमतेम २९ मिनिटांचा आहे, इतका की त्या काळी तो कॅसेटच्या एकाच बाजूवर मावत असे. त्यामुळे तो एका बैठकीत, हेडफोन लावून ऐकावा. पहिल्या खेपेस केवळ वेग जाणवेल. दुसऱ्या खेपेस लक्ष डेव्ह लोम्बार्डो यांच्या ड्रमवर ठेवावे: ‘एंजल ऑफ डेथ’ या गाण्यात शेवटाकडे बाकीची वाद्ये थांबतात आणि क्षणभर फक्त त्यांच्या दोन्ही पायांखालचे बास ड्रम घुमतात. तो क्षण सापडला की या संगीतात गोंगाटापेक्षा शिस्त किती अधिक आहे, हे निराळे सांगावे लागत नाही.

त्यानंतर एक पाऊल मागे जाऊन १९८५ चा ‘हेल अवेट्स’ ऐकावा. तिथली गाणी लांब आहेत आणि आवाजाला भरपूर घुमारा आहे. तोवर हिप-हॉपसाठी ओळखले जाणारे निर्माते रिक रुबिन यांनी पुढच्याच अल्बममध्ये, म्हणजे ‘रेन इन ब्लड’मध्ये, हा घुमारा काढून टाकला, आणि प्रत्येक आघात कोरडा व जवळून ऐकू येऊ लागला. १९८८ च्या ‘साउथ ऑफ हेवन’मध्ये बँडने वेग जाणूनबुजून कमी केला, तो अल्बम शेवटी ठेवल्यास हा बदल नेमका कळतो.

वादांकडे वळण्यापूर्वी गाण्यांचे शब्द स्वतः वाचावेत. ‘एंजल ऑफ डेथ’ हे गिटारवादक जेफ हॅनमन यांनी लिहिलेले गाणे आउश्वित्झ या नाझी छळछावणीतील डॉक्टर योझेफ मेंगेले याच्या अत्याचारांचे वर्णन करते. या गाण्यामुळे आणि मुखपृष्ठामुळे कोलंबिया कंपनीने अल्बमचे वितरण नाकारले व ते गेफेन या दुसऱ्या कंपनीकडे गेले. वाचताना एकच प्रश्न हाती धरावा: इथे केवळ वर्णन आहे की गौरवही? मला त्यात गौरव आढळत नाही. मात्र निषेधही शब्दांत मांडलेला नाही, आणि ती जबाबदारी ऐकणाऱ्यावर येऊन पडते. याउलट बँडने वापरलेला, नाझी चिन्हांशी साधर्म्य असलेला गरुड आणि चाहत्यांच्या संघटनेच्या नावात ‘वेअरमाख्ट’ (नाझी काळातील जर्मन सैन्य) हा शब्द वापरणे यांचे समर्थन मला करता येत नाही. गाणे आणि चिन्ह यांचा निवाडा वेगवेगळा करावा.

धर्मविषयक वादाचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. २००६ मध्ये ‘ख्राइस्ट इल्यूजन’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर विच्छिन्न हातांची ख्रिस्तासारखी आकृती होती, मुंबईतील कॅथलिक सेक्युलर फोरमने आक्षेप घेतल्यावर ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीने भारतातील विक्री थांबवून प्रती मागे घेतल्या. हा प्रसंग अभ्यासताना, ही गाणी गाणारे टॉम अराया स्वतः कॅथलिक श्रद्धा बाळगतात, ही गोष्ट नजरेआड करू नये. कॅलिफोर्नियात एका खून झालेल्या मुलीच्या पालकांनी बँडच्या गीतांना जबाबदार धरून दावा लावला होता, तो २००१ मध्ये फेटाळला गेला. त्या कुटुंबाचे दुःख खरे होते, म्हणून या प्रकरणाचा उल्लेख बँडच्या विजयासारखा करू नये.

हॅनमन यांचे २०१३ मध्ये निधन झाले. २०१५ च्या ‘रिपेंटलेस’ या अल्बममध्ये ‘पियानो वायर’ हे त्यांचे एकच गाणे आहे. ते बाकीच्या, मुख्यतः बँडचे दुसरे गिटारवादक केरी किंग यांनी रचलेल्या गाण्यांच्या मधोमध ऐकावे आणि रिफची (गिटारवर पुन्हापुन्हा येणाऱ्या सुरावटीची) वळणे कुठे बदलतात ते कानांनी शोधावे.