नोकरी सोडून पुन्हा शिकायचंय? राजीनाम्याआधी या चुका टाळा

नोकरीचा वीट आला की शिक्षण ही सन्मानाने सुटण्याची वाट वाटू लागते. इथेच पहिली गल्लत होते. ‘ही नोकरी नको’ आणि ‘हा कोर्स हवा’ हे दोन वेगळे निर्णय आहेत. उद्या साहेब बदलला, कामाचे तास आटोक्यात आले, तरीही तुम्ही हा कोर्स कराल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर दुसरी नोकरी शोधणं स्वस्तात पडेल. खात्री नसेल तर दोन आठवडे रोज संध्याकाळी एकच ओळ लिहा: आज नेमका कशाचा त्रास झाला? त्याच माणसाचं नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर विभाग बदलूनही भागू शकतं. कामाचाच उबग दिसत असेल, तर शिक्षणाचा विचार योग्य दिशेने चाललाय.

फक्त कोर्सचे महिने मोजणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. कोर्स २४ महिन्यांचा, वर्ग सहा महिन्यांनी सुरू होणार आणि नोकरी आज सोडली, तर बिनपगारी काळ ३० महिन्यांचा होतो. पुढची नोकरी मिळेपर्यंतचे ३ ते ६ महिने धरले की ३३ ते ३६. या आकड्याला महिन्याच्या खर्चाने गुणा, त्यात फी, परीक्षा शुल्क, पुस्तकं, लॅपटॉप मिळवा आणि वर १० ते १५ टक्के ठेवा. महिन्याचा खर्च मनाने ठरवू नका, गेल्या तीन महिन्यांच्या बँक स्टेटमेंटवरून काढा. विम्याचा हप्ता, दुरुस्त्या असे वर्षातून एकदाच येणारे खर्च त्यात हमखास निसटतात. त्यांची बेरीज करून १२ ने भागा आणि तो आकडा महिन्याच्या खर्चात धरा.

कर्ज लागणार असेल तर चौकशी पगार चालू असतानाच करा. उत्पन्नाचा पुरावा तेव्हाच हाताशी असतो.

तात्पुरत्या प्रवेशावर राजीनामा देणं

कागदपत्रांची पडताळणी बाकी असते, जागा रद्द होते, बॅच पुढे ढकलली जाते. म्हणून प्रवेश निश्चितीचं पत्र आणि फीची पावती हातात आल्यावरच राजीनामा द्या. तारीख उलटी मोजा: वर्ग सुरू होण्याचा दिवस, त्याआधी दोन-तीन आठवडे विश्रांती व सामान हलवायला, त्याआधी नोटीस पीरियड. बोनसची तारीख, शिल्लक रजेचे पैसे, बाँड आणि कंपनीच्या आरोग्य विम्याचा शेवटचा दिवस आधीच लेखी विचारून घ्या. बिनपगारी अभ्यासरजा मिळते का, तेही विचारा. अनेक जण विचारतच नाहीत!

अपवाद एकच, पण मोठा. छळ होत असेल, झोप उडाली असेल, तब्येत ढासळत असेल, तर कोर्सच्या तारखेसाठी कुढत बसू नका. डॉक्टरांना दाखवा, रजा घ्या आणि गरज पडली तर बाहेर पडा. मधल्या महिन्यांसाठी कमी जबाबदारीचं, अर्धवेळ काम धरलं तरी शिल्लक टिकते.

राजीनामा दिला आणि प्रवेश हुकला तर

नोटीस पीरियड संपायच्या आत राजीनामा मागे घेण्याची लेखी विनंती करा; शेवटचा दिवस उलटला की ती वाट सहसा बंद होते. संस्थेला दोनच प्रश्न ईमेलने विचारा: जागा पुढच्या सत्रासाठी राखता येईल का, आणि फी परत मिळण्याची अंतिम तारीख कोणती?