गावात इंटरनेट केंद्र टाकताय? आधी किल्ली कुणाकडं ते ठरवा

आमचं गाव औसा तालुक्यातलं, १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. समाजमंदिरातली एक खोली वर्षानुवर्षं सतरंज्या आणि गणपतीचं मखर ठेवायला होती. तिथं चार वर्षांपूर्वी आम्ही इंटरनेट आणि माहिती केंद्र टाकलं. मी एकेकाळी एसटीडी बूथ चालवायचो, म्हणून गावानं हे लोढणं माझ्याच गळ्यात घातलं. आता आजूबाजूच्या गावांतली पोरं विचारायला येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: "काका, कम्प्युटर कोणता घ्यावा?"

कम्प्युटर सगळ्यात शेवटी घ्या. आधी किल्ली.

आमची किल्ली सुरुवातीला एका पुढाऱ्याच्या घरी असायची. ते लग्नाला गेले की केंद्र बंद. त्यात त्यांच्या वाड्यावर जाऊन किल्ली मागायची म्हणजे पोरींना ओशाळं वाटायचं, त्या यायच्याच बंद झाल्या. आता दोन किल्ल्या आहेत. एक माझ्याकडं, एक बचत गटाच्या अध्यक्षबाईंकडं. दुपारी २ ते ४ ही वेळ फक्त बायकांची. त्या वेळात मी बाहेर लिंबाखाली बसतो.

मग लाईट. आमच्या दगडूआबांनी उद्घाटनाच्या दिवशीच विचारलं होतं, "लाईट गेल्यावर तुमचं हे इंटरनेट काय करायलंय?" उत्तर हिशोबानं द्यावं लागतं. एक लॅपटॉप साधारण ४० वॉट खातो. तीन लॅपटॉपचे १२०, राउटर आणि इंटरनेट ओढणाऱ्या डिशचे २०, एलईडी दिव्यांचे २०, असे झाले १६०. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. पण बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवत गेलात तर ती लवकर मरते. उरले ९००, त्यातही थोडं इन्व्हर्टर खातो. म्हणजे साडेचार तास धरा. डेस्कटॉप घेतलेत तर हाच हिशोब दीड-दोन तासांवर येतो, म्हणून लॅपटॉप घ्या, जुने चालतील. व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझर लावाच.

अर्थिंगला मात्र कंजूषपणा नको. खड्डा, पाईप, कोळसा, मीठ हे वायरमन करून देतो. पण आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाईपला सोडून बाजूला होते आणि अर्थिंग नुसतं नावाला उरतं. मार्चपासून मिरगापर्यंत आठवड्याला दोन बादल्या पाणी तिथं ओता. आम्ही पहिल्या वर्षी हे केलं नाही. त्यात मे महिन्यात वळवाच्या पावसाबरोबर वीज कडाडली आणि डिशच्या वायरीतून राउटर गेला, लॅपटॉपचं पोर्टही काळं पडलं. तेव्हापासून आभाळ भरून आलं की डिशची वायर आणि लाईटचा प्लग दोन्ही काढून ठेवायचे, असा कागदच भिंतीवर चिकटवलाय.

आता इंटरनेट. ग्रामपंचायतीत भारतनेट या सरकारी योजनेची फायबर आली असेल तर आधी तिथल्या डब्यावरचे दिवे बघा. 'लॉस'चा (LOS, म्हणजे सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल असेल तर बहुतेक कुठंतरी जेसीबीनं पाइपलाइन खोदताना फायबर तुटलीय, राउटर बदलून उपयोग नाही. फायबर नसेल तर जवळच्या मोठ्या गावातून ५ गिगाहर्ट्झच्या दोन डिश समोरासमोर लावून लिंक आणता येते. या पट्ट्यातल्या वायफायला २०१८ पासून वेगळा परवाना लागत नाही, मात्र कनेक्शन परवानाधारक कंपनीचंच हवं. डिशची जागा ठरवताना एक माणूस त्या छतावर, एक या छतावर, दुपारच्या उन्हात हातात आरसा. एकाची चमक दुसऱ्याला दिसली तर नजर आरपार आहे.

आम्हाला चमक दिसली होती. फेब्रुवारी होता, मधलं लिंबाचं झाड पार झडलेलं. पाडव्याला पालवी फुटली तशी लिंक मंद झाली आणि वैशाखात बंदच पडली. ओली पानं ही लहर पिऊन टाकतात. झाड तोडायला आबांनी साफ नकार दिला. मग दहा फुटांचा पाईप उभा करून डिश वर नेली. तुम्ही अशी नजर तपासाल तेव्हा झाड पानांनी भरलेलं आहे असं समजूनच तपासा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. पैसे घेऊन लोकांना कम्प्युटर वापरू देणार असाल तर सायबर कॅफेचे २०११ चे नियम लागतात: नोंदणी, ओळखपत्र, वापराची नोंदवही किमान एक वर्ष जपायची, आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नको. वायफाय विकायचं असेल तर २०२० ची पीएम-वाणी योजना बघा, त्यात छोट्या केंद्राला परवाना शुल्क नाही. आणि कुणाचा पासवर्ड तुमच्या वहीत लिहून घेऊ नका. ज्याचा त्याच्या खिशातल्या डायरीत लिहून द्या.

पैशाचं गणित मला आफ्रिकेकडून कळलं. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात मानकोसी नावाच्या खेड्यात लोकांनी सहकारी संस्था काढून स्वतःचं नेटवर्क उभारलं. नाव झेनझेलेनी, त्यांच्या खोसा भाषेत त्याचा अर्थ 'तुमचं तुम्हीच करा'. घराघरांच्या छपरांवरची यंत्रं सोलरवर चालायची आणि त्याच सोलरवर लोकांचे मोबाइल पैसे घेऊन चार्ज करून द्यायचे. सुरुवातीची कमाई त्या चार्जिंगची. इंटरनेटचं बिल भलत्याच गोष्टीनं भरलं! आमच्याकडं ती गोष्ट म्हणजे झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पासपोर्ट फोटो. पण गेल्या पावसाळ्यात डीपी जळाली, आठ दिवस गाव अंधारात होतं. तेव्हा आम्हीही सोलर पॅनलवर मोबाइल चार्ज करून दिले, दहा रुपयाला एक. पोरांनी प्रत्येक मोबाइलला रबरानं नावाची चिठ्ठी बांधली होती.

कम्प्युटरवर काय दाखवायचं यासाठी युगांडातल्या नाकासेकेचं उदाहरण घ्या. तिथल्या केंद्रात वाचता न येणाऱ्या बायकांसाठी लुगांडा भाषेत बोलणारी सीडी होती, चित्रावर क्लिक करायचं आणि ऐकायचं. आमच्या कृष्णाबाईंना अक्षर येत नाही, पण परभणी कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला आला की पोरी तो मोठ्यानं वाचून व्हॉट्सअॅपवर आवाजात टाकतात. तो मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. शेजारच्या फळ्यावर लातूर बाजार समितीचा सोयाबीन आणि तुरीचा भाव खडूनं लिहायचा, तारखेसकट. तारीख नसेल तर लोक कालचा भाव धरून गाडी भरतात आणि शिव्या आपल्याला पडतात. लाइन गेली तरी पोरांचा अभ्यास चालावा म्हणून 'किविक्स' या इंटरनेटशिवाय चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मराठी विकिपीडिया, आणि वेगळी बालभारतीची पुस्तकं उतरवून ठेवलीत.

राहता राहिले उंदीर. सतरंज्या त्याच खोलीत ठेवल्या तर ते येणार, आणि नेटवर्कची वायर त्यांना शेंगदाण्याइतकी आवडते. वायर पाईपमधून न्या, पाईपची तोंडं भांडी घासायच्या तारेच्या काथ्यानं बुजवा. सतरंज्यांसाठी दुसरी जागा शोधा. ते भांडण आमच्याकडं अजून मिटलेलं नाही.