प्रभुभोजनाआधी भावाकडे कसे जावे

सोलापुरातील आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नातीगोती दाट आहेत, त्यामुळे घराच्या वाटणीवरून किंवा उसन्या पैशांवरून अबोला धरलेले दोघे भाऊ प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर व द्राक्षारस घेण्याच्या रविवारी एकाच बाकावर बसलेले दिसतात. अशा वेळी काय करावे, याची रीत शुभवर्तमानात दिलेली आहे.

प्रथम, चूक कोणाची हा हिशेब बाजूला ठेवावा. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे वेदीपाशी आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, असे मत्तयाने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात येशू सांगतो. १८व्या अध्यायात अपराध भावाने केलेला असतो, तरीही जायचे असते ते आपणच. अपराधी असो वा दुखावलेला, ज्याला आठवले त्याने उठायचे आहे, आणि माझ्या मते ख्रिस्ती क्षमेचा सगळा भार याच एका गोष्टीवर आहे.

जाताना एकट्यानेच जावे. भावकीला सोबत घेऊ नये, कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही काही लिहू नये, कारण चारचौघांत सापडलेला माणूस चूक कबूल करण्याऐवजी आपली बाजू लढवतो. त्याने ऐकले नाही, तरच एकदोघांना न्यावे. मंडळीपुढे विषय मांडणे ही त्यानंतरची पायरी आहे.

भेटल्यावर काय बोलावे? प्रभूच्या प्रार्थनेत, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत, मत्तय 'ऋण' हा शब्द वापरतो, म्हणजे क्षमा करणे हे येणे सोडण्यासारखे आहे. १८व्या अध्यायातच येशूने सांगितलेल्या दाखल्यातल्या (बोधकथेतल्या) चाकराला १०,००० तालांतांचे (तालांत हे तेव्हाचे मोठ्या रकमेचे माप), हजारो वर्षांच्या मजुरीनेही न फिटणारे कर्ज राजाकडून माफ होते, आणि तो सोबत्याचा गळा १०० दीनारांसाठी धरतो. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. आपल्याकडे यंत्रमागावर रोजंदारी करणाऱ्याला शंभर दिवसांची कमाई किरकोळ वाटणार नाही. म्हणून 'जाऊ दे, काही झालेच नाही' असे म्हणू नये. नुकसान काय झाले ते स्पष्ट सांगावे आणि मगच सोडावे. प्रेषित पौलानेही फिलेमोन या ख्रिस्ती धन्याला पत्र लिहिताना त्याचा दास अनेसिम याचे देणे झाकले नाही; काही येणे असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, असे म्हणून त्या दासाला प्रिय बंधू म्हणून स्वीकारण्याची विनंती केली. इथला 'बंधू' मूळ ग्रीकमध्ये 'अदेल्फोस' आहे, आणि त्याचा अर्थ आपल्या 'सहोदर' शब्दासारखाच, एका उदरातला, असा आहे.

घरात मारहाण होत असेल, तर मात्र आधी सुरक्षित जागी जावे आणि पोलिसांत तक्रार करावी. क्षमा केली म्हणून त्याच घरात परतलेच पाहिजे, असे नाही.

भावाने दार उघडले नाही, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे. भावाला सात वेळा क्षमा केली तर पुरे का, असे येशूचा शिष्य पेत्र याने विचारले होते, आणि त्याला उत्तर मिळाले ते साताच्या सत्तर वेळा.