डर्ट बाइकचा फोम एअर फिल्टर कसा धुवावा, कधी बदलावा आणि कसा बसवावा

२५० सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन ८००० आरपीएमवर फिरत असताना दर मिनिटाला सुमारे १००० लिटर हवा आत ओढते. डांबरी रस्त्यावर ती हवा बऱ्यापैकी स्वच्छ असते. मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर किंवा कोकणातल्या सड्यावर मात्र पुढच्या गाडीने उडवलेला तांबडा फुफाटा थेट आपल्या एअर बॉक्समध्ये, म्हणजे फिल्टर बसतो त्या पेटीत जातो. हे बारीक कण इंजिनात पोहोचले, तर पिस्टन रिंगा, सिलिंडर आणि व्हॉल्व्ह पॉलिश पेपरने घासल्यासारखे झिजतात. म्हणून कोरड्या धुळीत गाडी चालवली असेल तर दर फेरीनंतर फिल्टर काढून पाहावा.

येथे सांगितलेली पद्धत कावासाकी केएक्स किंवा केटीएम एसएक्ससारख्या गाड्यांतील फोम फिल्टरची आहे. रोजच्या वापरातील बहुतेक दुचाकींत कागदी फिल्टर असतो. तो धुवू नये, खराब झाल्यावर सरळ नवा घालावा.

आधी गाडी बाहेरून धुऊन घ्यावी, म्हणजे सीट किंवा साइड पॅनेल काढताना त्यावरची माती आत पडत नाही. फिल्टर धरून ठेवणारा बोल्ट किंवा क्लिप सोडवण्यापूर्वी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा, कारण फिल्टरची वरची बाजू कोणती आणि पिंजऱ्यावरची (फोम ज्यावर चढवलेला असतो त्या सांगाड्यावरची) खूण कोणत्या दिशेला होती, हे दोन तासांनी नक्की आठवत नाही. फिल्टर सरळ वर न खेचता थोडा तिरपा करून, न झटकता, अलगद बाहेर काढावा. तो निघताच इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीचे तोंड स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने किंवा त्यासाठीच मिळणाऱ्या झाकणाने बंद करावे.

मात्र त्याआधी एक तपासणी अवश्य करावी. पांढऱ्या कापडाचा तुकडा बोटाला गुंडाळून त्या नळीच्या आतल्या भिंतीवरून फिरवावा. कापड स्वच्छ निघाले तर फिल्टर आपले काम करत आहे. कापडावर वाळूचे कण दिसले, तर फिल्टर फाटलेला आहे, तो नीट बसलेला नव्हता किंवा नळी कुठेतरी चिरली आहे, असे समजून कारण शोधावे. एकदा मी स्वतः घाईत बसवलेल्या फिल्टरची कड एका बाजूला दुमडून राहिली होती. फोम स्वच्छ, तेलही व्यवस्थित, आणि तरीही कापडावर तांबडी रेघ उमटली. तेव्हापासून धुण्यापेक्षा बसवण्याला मी जास्त वेळ देतो.

आता धुण्याकडे वळू. फोम पिंजऱ्यावरून उतरवून रॉकेलमध्ये किंवा फिल्टर क्लीनरमध्ये बुडवावा आणि हाताने दाबत, सोडत राहावा. पिळू नये, पिळल्याने जोड उसवतात आणि फोम फाटतो. पेट्रोल तर अजिबात वापरू नये. ते भडकण्याचा धोका असतोच, शिवाय फोमच्या थरांना जोडणारा डिंक त्याने सुटतो. जुने तेल निघाल्यावर भांडी घासायचा साबण घातलेल्या कोमट पाण्यात फोम धुवावा आणि आतल्या बाजूने बाहेर पाणी सोडून खळखळून काढावा. कॉम्प्रेसरची हवा मारू नये. सावलीत टांगून तो पूर्ण वाळू द्यावा, कारण ओलसर फोमवर तेल नीट धरत नाही. वापरलेले रॉकेल गटारात न ओतता झाकणाच्या कॅनमध्ये साठवून गॅरेजमधल्या जुन्या तेलाबरोबर द्यावे.

वाळलेला फोम उजेडासमोर धरून पाहावा. जोड सुटलेला, भोक पडलेले, कड कायमची चपटी झालेली किंवा दाबल्यावर भुगा पडत असेल, तर तो फेकून त्याच मॉडेलचा नवा घ्यावा. चिकटवून पुन्हा वापरण्याची काटकसर इंजिनाला महाग पडते.

फोमची छिद्रे बारीक धुळीच्या मानाने मोठी असतात. धूळ पकडण्याचे खरे काम त्यावरचे चिकट तेल करते. म्हणून नवा फोमही कोरडा बसवू नये. हातमोजे घालून फिल्टर ऑइल ओतावे, फोम हलके मळून ते सर्वत्र पोहोचवावे आणि जास्तीचे तेल दाबून काढावे. रंग एकसारखा दिसला की पुरे; कुठे फिका डाग राहिला, तर तिथे तेल पोहोचलेले नाही. इंजिन ऑइल पातळ असल्याने ते खाली ओघळते आणि वरचा भाग कोरडा पडतो, म्हणून ते शक्यतो टाळावे. उलट, तेल निथळत असेल तर हवा अडते आणि इंजिन गुदमरते.

दरम्यान एअर बॉक्स आतून पुसून घ्यावा आणि त्याच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी असलेली रबरी नळी चिखलाने बुजली नाही ना, हे पाहावे. पावसाळ्यात हे विशेष महत्त्वाचे. मग फोम पिंजऱ्यावर चढवून, एअर बॉक्सला टेकणाऱ्या कडेला ग्रीसचा पातळ थर द्यावा आणि नळीवरचे फडके काढावे. ते आत विसरणारे लोक कमी नाहीत. फिल्टर खुणेप्रमाणे बसवून बोल्ट आवळावा, पण फार जोर लावू नये. शेवटी कडेवरून सगळीकडे बोट फिरवून फट राहिली नाही, हे पाहावे, आणि मगच सीट लावावी.

दोन फिल्टर बाळगणे सर्वांत सोयीचे. एक धुऊन, तेल लावून झिप लॉकच्या पिशवीत ठेवला, तर स्पर्धेच्या दोन फेऱ्यांमध्ये तो पाच मिनिटांत बदलता येतो.